दुसऱ्याची ठेव: येलमधल्या एका रिव्ह्यूचं प्रकरण

फेब्रुवारी १९७९ मध्ये हेलेना वाक्सलिख्ट-रॉडबार्ड या तरुण संशोधिकेच्या हातात संशोधनाचा एक टंकलिखित पेपर आला. ती अमेरिकेत बेथेस्डाच्या नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थमध्ये, म्हणजे एनआयएचमध्ये, काम करत होती. पेपर खरं तर आला होता तिचे वरिष्ठ जेसी रॉथ यांच्याकडे, ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’कडून, रिव्ह्यूसाठी, म्हणजे छापण्याजोगा आहे का ते तपासून मत देण्यासाठी. रॉथ यांनी तो तिच्याकडे दिला, कारण विषय तिच्या हातचा होता. ॲनोरेक्सिया नर्व्होसा झालेल्या, म्हणजे खाणंपिणं टाकून खंगत गेलेल्या रुग्णांच्या रक्तपेशींना इन्सुलिन किती चिकटतं, हा तो विषय.

वाचता वाचता तिला वाक्यं ओळखीची वाटायला लागली. विषय एक असला की वाक्यंही थोडीफार सारखी होतात, त्यात वावगं काही नाही. पण इथे सलग तेच शब्द होते. साठेक शब्द, जसेच्या तसे. आणि पुढे एक समीकरण आलं, एका पेशीवर इन्सुलिन धरणाऱ्या जागा किती असतात ते काढायचं. ते तिने स्वतः बसवलेलं होतं, तिच्या स्वतःच्या पेपरसाठी.

तिचा तो पेपर अजून छापून आलेला नव्हता. नोव्हेंबर १९७८ मध्ये तिने तो ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ला पाठवला होता आणि जानेवारीच्या अखेरीस तो नाकारल्याचं पत्र आलं होतं. म्हणजे तो वाचलेली माणसं मोजकीच: तिचे सहलेखक, संपादकाचं कार्यालय आणि रिव्ह्यूअर. हातातल्या नव्या पेपरवर नावं होती न्यू हेवनच्या येल विद्यापीठातल्या दोघांची. एक फिलिप फेलिग, मधुमेहाच्या संशोधनातलं तेव्हाचं मोठं नाव. दुसरा त्यांच्या प्रयोगशाळेतला त्यांचा कनिष्ठ सहकारी.

पीएचडीच्या मुलांना रिव्ह्यू कसा करायचा हे सांगायची वेळ आली की मी दरवर्षी इथून सुरुवात करते. नियमांची यादी वाचून दाखवली तर मुलं माना डोलावतात आणि विसरतात. हे प्रकरण विसरत नाहीत. एक कारण असंही आहे की फेलिग यांचा तो सहकारी भारतातून, आपल्या पुण्याहून, तिकडे गेलेला डॉक्टर होता. त्याचं नाव जाहीर आहे, शोधणाऱ्याला मिळेल. मी वर्गात घेत नाही आणि इथेही लिहीत नाही, कारण त्याच्या नावावर बोट ठेवलं की बाकीच्यांच्या चुका झाकल्या जातात. आणि मला बोलायचं आहे ते बाकीच्यांबद्दल.

न्यू हेवनमध्ये काय झालं

न्यू इंग्लंड जर्नलने हेलेनाचा पेपर ज्यांच्याकडे पाठवला त्यांत फेलिग होते. निवड चुकीची नव्हती. इन्सुलिनवरचं काम तपासायला त्यांच्याइतकी योग्य माणसं फार नव्हती. फेलिग यांनी पेपर सहकाऱ्याला दाखवला. तो सहकारी नेमक्या त्याच प्रश्नावर काम करत होता. फरक एवढाच की हेलेनाने लाल रक्तपेशी वापरल्या होत्या आणि येलमध्ये मोनोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार. पेपर नाकारावा अशी शिफारस येलहून गेली. त्याच सुमारास पेपरची एक झेरॉक्स मागे राहिली. काही आठवड्यांनी येलचा स्वतःचा पेपर दुसऱ्या जर्नलकडे रवाना झाला.

न्यू इंग्लंड जर्नलचे संपादक अर्नोल्ड रेलमन यांना यातलं काहीच माहीत नव्हतं. आपला रिव्ह्यूअर याच शर्यतीत धावतोय हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं, आणि पेपर आणखी एका माणसाने वाचला हेही नाही.

हेलेनाने तक्रार केल्यावर रेलमन यांनी फेलिग यांना विचारलं. फेलिग यांचं म्हणणं होतं की त्यांनी पेपर केवळ गुणवत्तेवर तोलला, स्वतःच्या कामाचा त्याच्याशी संबंध नाही. मुलं इथे हसतात. मी त्यांना थांबवते. फेलिग खोटं बोलत होते असं धरून चाललं तर या प्रकरणातून शिकण्यासारखं फारसं उरत नाही. ते मनापासून खरं बोलत असतील, असं धरून बघा. समजा त्यांना खरंच तो पेपर कच्चा वाटला. पण स्वतःचा त्याच विषयावरचा पेपर टेबलाच्या खणात पडून असताना दुसऱ्याच्या पेपरमधली प्रत्येक त्रुटी डोळ्यात भरते. नमुना लहान वाटतो, निष्कर्ष घाईचा वाटतो, आणि हे सगळं अगदी प्रामाणिकपणे वाटतं. आपल्या तराजूचं पारडं झुकलंय हे तोलणाऱ्याला आतून कळत नाही. म्हणूनच ते बाहेरच्या माणसाला, म्हणजे संपादकाला, आधी सांगायचं असतं. रिव्ह्यूअरची सचोटी तपासायला नव्हे, तर त्याच्या मताला किती वजन द्यायचं हे ठरवायला संपादकाला ती माहिती लागते.

आणि काय सांगायचं होतं? फार तर तीन ओळी. ‘याच प्रश्नावर आमच्याकडे काम चालू आहे. आम्ही मोनोसाइट वापरतो. हे कळूनही माझं मत हवं असेल तर देतो, नाहीतर पेपर न वाचता परत पाठवतो.’ एवढं लिहिलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं, असं मला ठामपणे वाटतं. दोन गटांनी वेगवेगळ्या पेशींवर एकच गोष्ट शोधली, ही विज्ञानात चांगलीच बातमी असते. दोन्ही पेपर शेजारीशेजारी छापता आले असते.

विद्यार्थी विचारतात की जवळचा जाणकार म्हणजे प्रतिस्पर्धीच असणार, मग रिव्ह्यू करणार कोण? प्रश्न बरोबर आहे. प्रतिस्पर्धी असणं हा गुन्हा नाही आणि प्रत्येक वेळी नकारच द्यावा असंही नाही. स्पर्धा आहे हे कळवून दिलेलं मत संपादकाला वापरता येतं. लपवून दिलेलं मत, ते कितीही अचूक असलं तरी, नंतर उघड झाल्यावर सगळ्या रिव्ह्यूला नासवतं.

‘जरा बघ’

आता दुसरी गोष्ट, जी आपल्याकडे रोज घडते. फेलिग यांनी पेपर सहकाऱ्याला दिला. पण रॉथ यांनीही तेच केलं! अमेरिकन जर्नलने पेपर रॉथ यांना पाठवला होता, हेलेनाला नाही. चोरी झाली ती पेपर हातोहात फिरल्यामुळे आणि उघडकीला आली तीही पेपर हातोहात फिरल्यामुळेच. शेवट बरा झाला म्हणून रॉथ यांची कृती बरोबर ठरत नाही. दोन्ही ठिकाणी वरिष्ठांनी एकच गृहीत धरलं होतं: माझ्याकडे आलेला कागद माझा आहे, तो मी माझ्या माणसाला देऊ शकतो.

तो कागद त्यांचा नव्हता. ती ठेव होती. शेजारणीने गावाला जाताना दागिन्यांचा डबा विश्वासाने ठेवायला दिला तर तो घरातल्या लग्नात सुनेला घालायला काढत नाहीत. परत देणार असलो तरी नाही.

त्या काळात याबद्दल लेखी नियम फारसे नव्हते, हे फेलिग आणि रॉथ दोघांच्याही बाजूने सांगायला हवं. प्रकाशनातल्या नीतीसाठी संपादकांनी ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था उभारली ती १९९७ मध्ये, आणि रिव्ह्यूअरांसाठी तिची मार्गदर्शक तत्त्वं आली २०१३ मध्ये. आज चित्र वेगळं आहे. संपादकाला न विचारता पेपर कुणाला दाखवायचा नाही, आणि कुणाची मदत घेतली तर त्याचं नाव कळवायचं, हे जवळपास प्रत्येक जर्नलच्या सूचनांत लिहिलेलं असतं.

तरी होतंच. मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला असताना आमच्या गाइडनी एका संध्याकाळी मला केबिनमध्ये बोलावून एक छापील पेपर हातात ठेवला. ‘जरा बघ, उद्यापर्यंत दोन पानं लिहून दे.’ मला फार मोठा मान मिळाल्यासारखं वाटलं. हॉस्टेलच्या खोलीत रात्री अडीचपर्यंत बसून मी लिहिलं. माझी मैत्रीण शेजारी बसून आकृत्या बघत होती, आम्ही त्यावर चर्चाही केली. म्हणजे तो गोपनीय पेपर एका रात्रीत तीन जणांनी वाचला आणि संपादकाच्या दप्तरी एकाचंच नाव होतं. माझी दोन पानं एक शब्दही न बदलता गेली. पुढे तो पेपर नाकारला गेला. आज ती पानं डोळ्यांसमोर आणली तर त्यातला सूर आठवून अंगावर काटा येतो. पहिल्यांदा अधिकार मिळालेल्या माणसाचा सूर होता तो. एका आकृतीच्या अक्षांवर एकक नव्हतं, त्यावर मी सहा ओळी खर्च केल्या होत्या आणि मुख्य प्रयोगात नियंत्रण गट पुरेसा आहे की नाही, यावर एकही नाही. गाइडनी दहा मिनिटं माझ्याबरोबर बसून ते वाचलं असतं तर मला शिकायला मिळालं असतं आणि त्या अनोळखी लेखकाला न्याय मिळाला असता.

हे माझ्या एकटीचं नाही. २०१९ मध्ये ‘ईलाइफ’ या जर्नलमध्ये तरुण संशोधकांचं एक सर्वेक्षण आलं. त्यात जवळपास निम्म्या जणांनी आपण असे नाव नसलेले रिव्ह्यू लिहिल्याचं सांगितलं होतं. विद्यार्थ्याने रिव्ह्यूला हात लावूच नये असं मी म्हणत नाही. कसा शिकणार तो मग? पण जर्नलच्या पोर्टलवर आधी परवानगी मागायची, त्याचं नाव घालायचं, त्याने लिहिलेलं शेजारी बसून ओळ न् ओळ वाचायचं, आणि शेवटची सही आपली म्हणून जबाबदारीही आपली धरायची. एवढं करायला वेळ नसेल तर रिव्ह्यूच घेऊ नये.

एक वर्ष

आता हेलेनाकडे परत येऊ, कारण या प्रकरणात मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग पुढचाच आहे.

तक्रारीनंतर न्यू इंग्लंड जर्नलने तिचा पेपर पुन्हा विचारात घेतला आणि एप्रिल १९७९ मध्ये छापला. रॉथ आणि फेलिग एकमेकांना लहानपणापासून ओळखत होते. ते भेटले, आणि असं ठरलं की येलचा पेपर थांबेल, हेलेनाच्या कामाचं श्रेय त्यात नोंदवलं जाईल. येलच्या सहकाऱ्याने तिच्या पेपरवरून काही भाग उतरवल्याचं फेलिग यांच्याजवळ कबूल केलं होतं. फेलिग यांनी त्याला समज दिली, पण मूळ प्रयोग खरे आहेत यावर त्यांचा विश्वास होता. वरिष्ठांच्या दृष्टीने प्रकरण मिटलं.

हेलेनाच्या दृष्टीने नाही. तिचा प्रश्न आता श्रेयाचा राहिला नव्हता. शब्द चोरले, समीकरण चोरलं, मग आकडे कशावरून खरे? हा अभ्यास मुळात झालाय का? तिने येलच्या वैद्यकीय शाखेच्या अधिष्ठात्यांना, रॉबर्ट बर्लिनर यांना लिहिलं. बाहेरच्या माणसाकडून नोंदी तपासून घ्या, असा तिचा आग्रह होता. तिला सांगितलं गेलं की झालं गेलं विसरा. तपासणीचं ठरलं, लांबलं, रेंगाळलं. ती पुन्हापुन्हा विचारत राहिली. दरम्यान, जानेवारी १९८० मध्ये येलचा पेपर अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापूनसुद्धा आला.

यातल्या कुणालाही मी दुष्ट म्हणणार नाही. जुना मित्र, मानाचा प्राध्यापक, एका तरुण सहकाऱ्याचं करिअर. वरिष्ठांना हे सगळं जपायचं होतं. पण जपण्याची किंमत भरायला लागली ती सगळ्यात खालच्या पायरीवर उभ्या असलेल्या बाईला. कटकटी, हट्टी, मागे लागलेली, अशी प्रतिमा तयार व्हायला किती वेळ लागतो? तपासणी व्हायच्या आधीच तिने संशोधन सोडून रुग्णसेवेची वाट धरली.

फेब्रुवारी १९८० मध्ये अखेर बॉस्टनहून जेफ्री फ्लायर नावाचे मधुमेहाचे संशोधक न्यू हेवनला गेले. (हेच फ्लायर पुढे हार्वर्ड मेडिकल स्कूलचे अधिष्ठाता झाले.) त्यांनी मूळ नोंदी मागितल्या. काही नोंदी सापडल्याच नाहीत. ज्या होत्या त्यांतले आकडे पेपरमधल्या आलेखांशी जुळेनात. समोरासमोर विचारल्यावर सहकाऱ्याने आकडे हवे तसे वळवल्याचं मान्य केलं. एका दिवसाचं काम होतं ते, वर्षभर रखडलेलं.

मग बाकीच्या पेपरांची तपासणी झाली आणि डझनभर पेपर मागे घ्यावे लागले. त्यांतल्या बऱ्याच पेपरांवर फेलिग यांचंही नाव होतं. सहकाऱ्याने राजीनामा दिला आणि तो भारतात परतला. फेलिग यांनी स्वतः आकडे बनवले असा आरोप कुणीही केला नाही. पण कोलंबिया विद्यापीठात वैद्यकशास्त्राचे विभागप्रमुख म्हणून ते नुकतेच रुजू झाले होते, ते पद त्यांना त्याच वर्षी सोडावं लागलं.

अमेरिकेत विज्ञानातल्या गैरप्रकारांची चर्चा पेटली ती या आणि अशाच काही प्रकरणांवरून. १९८१ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या. चर्चा बहुतेक बनावट आकड्यांची झाली. पण सुरुवात कुठे झाली होती? बनावट आकडे पकडले जाण्याचं कारण एक रिव्ह्यू होता. त्या एका रिव्ह्यूच्या आधी जो एक मिनिट होता, पाकीट उघडून विषय वाचला आणि हा तर आपलाच प्रश्न हे लक्षात आलं तो मिनिट, त्यात काय करायचं हे चुकलं.

अजूनही

हे जुनं झालं असं वाटत असेल तर २०१६ चं बघा. बॉस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधले मायकेल डॅन्सिंगर यांचा आहारावरचा पेपर ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ने नाकारला. काही महिन्यांनी तोच पेपर, वेगळ्या लेखकांच्या नावाने, दुसऱ्या जर्नलमध्ये छापलेला त्यांना दिसला. चोरणारा ॲनल्ससाठी तो पेपर तपासणारा रिव्ह्यूअर होता. छापलेला पेपर मागे घेतला गेला. डॅन्सिंगर यांनी त्या रिव्ह्यूअरला उद्देशून एक पत्र लिहिलं आणि ते ॲनल्समध्येच प्रसिद्ध झालं. पत्रात चोराचं नाव नाही. ती संयत भाषा मी मुलांना मुद्दाम वाचायला देते.

आणि आता झेरॉक्सची गरजसुद्धा उरलेली नाही. पेपरचा मजकूर उचलून एखाद्या चॅटबॉटला दिला आणि ‘त्रुटी काढ’ म्हटलं की दोन मिनिटांत रिव्ह्यू तयार. पण तो मजकूर गेला कुठे, साठला कुठे? एनआयएचने जून २०२३ मध्ये अनुदानाच्या अर्जांच्या रिव्ह्यूत अशी साधनं वापरायला बंदी घातली, ती गोपनीयतेच्याच मुद्द्यावर. माझे एक तरुण सहकारी म्हणाले, मॅडम, मी फक्त इंग्रजी सुधारून घेतो. स्वतःच्या रिव्ह्यूचं इंग्रजी सुधारणं आणि दुसऱ्याचा पेपर बाहेर देणं यांत फरक आहे, आणि त्यातही जर्नलची परवानगी बघावी लागते. ‘जरा बघ’ म्हणून पेपर सरकवण्याचाच हा नवा प्रकार आहे, फक्त समोर माणूस नाही.

गेल्या डिसेंबरची गोष्ट. रात्री जेवणं झाल्यावर मेल उघडला तर एका जर्नलचं रिव्ह्यूचं आमंत्रण. खाली नेहमीची दोन बटणं, स्वीकार आणि नकार, आणि मध्ये पेपरचा सारांश. दुधाच्या शीतकरण केंद्रांतल्या टाक्यांमध्ये, धुऊनसुद्धा, जिवाणूंचा जो बुळबुळीत थर टिकून राहतो त्यावरचं काम. माझी विद्यार्थिनी तीन वर्षं नेमकं तेच करतेय. पहाटे उठून सांगली जिल्ह्यातल्या केंद्रांवर जायचं, टाकीच्या नळाच्या आतल्या वळणात कापसाचा बोळा फिरवायचा, बर्फाच्या डब्यातून नमुने आणायचे. तिचा पेपर अर्धा लिहून झाला होता.

सारांश मी वाचून बसले होते, ते काही पुसता येत नव्हतं. पूर्ण पेपर उघडायचा मोह झाला, हे सांगायला हवं. त्यांनी कुठला धुण्याचा द्राव वापरला, एवढंच बघावं असं वाटलं. मी संपादकांना लिहिलं की आमच्याकडे याच प्रश्नावर काम पूर्ण होत आलंय, सारांश वाचला आहे, पुढचं काही उघडलेलं नाही, आणि मी न करणं बरं. या विषयातल्या दोन जाणकारांची नावं सुचवली, त्यांतलं कुणी आमच्याबरोबर काम करणारं नव्हतं. त्याच रात्री आमच्या अर्ध्या पेपरचा मसुदा आणि नमुन्यांची वही स्कॅन करून तारखेसह विभागाच्या सर्व्हरवर ठेवली, म्हणजे उद्या प्रश्न आला तर आमचं काय आधीचं होतं ते दाखवता येईल. संपादकांचं दोन ओळींचं आभाराचं उत्तर सकाळी आलं.

विद्यार्थिनीला फक्त एवढंच सांगितलं की लिहिण्याचा वेग वाढव. का, ते सांगितलं नाही. एप्रिलमध्ये तो पेपर छापून आला तेव्हा ती तोंड पाडून माझ्याकडे आली: ‘मॅडम, आपल्या आधी गेले ते.’ आम्ही दोघींनी मिळून तो तेव्हाच पहिल्यांदा वाचला. त्यांनी टाक्यांचे सपाट भाग बघितले होते, नळाची वळणं नाही. तिच्या पेपरच्या प्रस्तावनेत आता त्यांचा उल्लेख दुसऱ्याच परिच्छेदात आहे.

हेलेना रॉडबार्ड पुढे अमेरिकेतल्या क्लिनिकल एंडोक्रायनॉलॉजिस्टांच्या, म्हणजे हार्मोनच्या विकारांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या, राष्ट्रीय संघटनेच्या अध्यक्षा झाल्या. १९७९ सालच्या त्यांच्या पेपरवर त्यांचं नाव पहिलं आहे.